कवडसे मोजायचे दिवस

मे महिन्यात, ऐन दुपारी, आमच्या कोकणातल्या घराच्या स्वयंपाकघरात जमिनीला पाठ टेकून वर बघितलं की काळोख्या छपरात उजेडाच्या टिकल्या दिसायच्या. एखादी हरभऱ्याच्या डाळीएवढी, एखादी सुईच्या टोकाएवढी. त्यांतून उतरणारे कवडसे चुलीच्या धुरात इतके ठळक दिसायचे की हातानं धरावेत. ते शोधायचं आणि दाखवायचं काम आम्हा मुलींकडे होतं. हातात वेळूची लांब काठी. तिच्या टोकानं कौलाला खालून दोनदा ठोकायचं, की वर पाखाडीवर, म्हणजे छपराच्या उतारावर, बसलेले काका आवाजाच्या रोखानं सरकत यायचे आणि ओरडून विचारायचे, "हे?"

"नाही, त्याच्या खालचं."

"हे?"

"हो."

मग घासल्याचा आवाज, क्षणभर आभाळाचा निळा चौकोन, त्यात काकांचा हात, आमच्या तोंडावर पडलेला पातेरा आणि काजळी. दुसरं कौल बसलं की टिकली विझलेली असायची. जिथून ऊन येतं तिथून पाऊस येणार, एवढं साधं शास्त्र त्यामागे होतं. भाऊ आणि चुलतभाऊ वर, आम्ही खाली, ही वाटणी कोणी ठरवलेली नव्हती, पण ती मोडलीही नाही. मी त्या छपरावर पहिल्यांदा चढले ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही वादळानं ते अर्धं नेल्यानंतर.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळच्या एका वाडीत. समोर माडा-पोफळींचं आगर, आगरापलीकडे सुरूची झाडं, त्यापलीकडे समुद्र. मागे लगेच डोंगर चढायला लागतो. जांभ्याच्या भिंती, सागाचे आणि फणसाचे वासे, वर मंगलोरी कौलं. किनाऱ्यावरची जुनी घरं बहुतेक अशीच. घाटावरच्या माणसाला पाऊस म्हणजे वरून खाली पडणारं पाणी वाटतं. आमच्याकडे तो आडवा येतो. समुद्रावरचा वारा त्याला कौलांच्या सांध्यांत खालून वर चढवतो. म्हणून पाखाडीचा उतार मोठा, वळचण चांगली हातभर बाहेर काढलेली, आणि पश्चिमेच्या अंगाला पावसाळाभर माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि कित्येकदा त्याहूनही जास्त पाऊस, तो जवळपास सगळा चार महिन्यांत, असा अंगावर घ्यायचा तर छपराकडे दरवर्षी बघावं लागतं. त्या बघण्यालाच शाकारणी म्हणतात.

शाकारणी अक्षय्य तृतीयेनंतर निघायची आणि मृगाच्या आत आटपायची. आंबा-काजूची गडबड त्याच दिवसांत, त्यामुळे गडी मिळवायला काका फाल्गुनापासूनच सांगून ठेवत. तीन माणसं, चार दिवस. आढ्यापासून पन्हळीपर्यंत साचलेला पातेरा काढायचा, शेवाळ खरवडायचं, सरकलेली कौलं जाग्यावर आणायची, फुटलेली बदलायची, आढ्यावरची टोपीसारखी कौलं, म्हणजे कोने, हलवून बघायचे आणि जिथे चुना-सिमेंट सुटलं असेल तिथे पुन्हा भरायचं. काम संपलं की काका कोठीच्या दाराच्या आतल्या अंगाला खडूनं एक ओळ लिहीत: साल, किती दिवस लागले, किती कौलं फुटलेली निघाली. अशा वीस-बावीस ओळी त्या दारावर आहेत. आकडे साधे, चाळीस, पंचावन्न, एकोणचाळीस. एका वर्षी एकशे दहा, आणि पुढे "माकडे".

कौल हातात घेऊन निवांत बघावं अशी वस्तू आहे. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं. दहा फूट बाय दहा फुटांच्या पाखाडीला अशी साधारण दीडशे लागतात, म्हणजे एवढ्याशा तुकड्यावर चारशे किलो वजन सहज येतं. पाठीमागे रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीला, अडकायचे दात, कडेला एकात एक बसणाऱ्या खाचा. पाणी एका कौलाच्या खाचेतून खालच्याच्या पन्हाळीत जावं, मध्ये कुठे वाट काढू नये, एवढा विचार त्या आकारात आहे. काका प्रत्येक काढलेलं कौल डाव्या तळहातावर आडवं धरून उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं ठोकत. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत तडा आहे, मग वरून ते कितीही धडधाकट दिसो, बाजूला. मी ते ऐकत ऐकत मोठी झाले आणि अजून बाजारातून मातीचं मडकं आणताना माझा हात आपोआप तसा वळतो.

आमच्या घरच्या जुन्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि 1865 हे साल इंग्रजीत उठवलेलं आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं की घर 1865 सालचं आहे, आणि शाळेत आम्ही तसं सांगितलंही होतं. ते साल कारखान्याच्या स्थापनेचं. ह्या मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो त्या वर्षी. नेत्रावती नदीच्या काठची चिकणमाती त्या कामाला फार चांगली निघाली, पुढच्या तीनच वर्षांत अल्बुकर्कचा कारखाना उभा राहिला आणि मग कितीतरी. कौलं गलबतांत भरून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर यायची. आमच्या भागात ती बंदरात उतरून बैलगाडीनं घरी आली असं आजीकडून ऐकलेलं. त्याआधी गावातल्या छपरांवर कुंभाराचे नळे असत किंवा गवत. चाकावर फिरवलेली नळी उभी चिरून केलेले हे नळे नुसते एकमेकांवर ठेवलेले असत. मांजर चाललं तरी हलायचे, म्हणून दरवर्षी सगळं छप्पर उतरवून परत रचावं लागे. मंगलोरी कौल आलं आणि ती मेहनत थोडक्या दिवसांवर आली. थोडक्या दिवसांवर आली, संपली नाही. पुढे जे काही झालं त्यात हा फरक मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

3 जून 2020. निसर्ग वादळ. मी पुण्यात टाळेबंदीत, काका-काकू घरी दोघंच. आदल्या रात्री फोन झाला तेव्हा काकू म्हणाली, "खिडक्या बांधून घेतल्यान, गुरं आत घेतली, तू काळजी करू नकोस." दुसऱ्या दिवशी सकाळी अकरानंतर फोन लागेना, तो पुढे पाच दिवस लागला नाही. त्या पाच दिवसांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

काकांनी नंतर जे सांगितलं त्यातलं एक वाक्य मात्र लिहायला हवं. ते म्हणाले, "अगो, वारा डोंगराकडून आला." सत्तर वर्षं त्या घरात काढलेल्या माणसाला वारा पश्चिमेचा माहीत. घराची तयारीही सगळी पश्चिमेची. झापांचा आडोसा तिकडे, जाड भिंत तिकडे, तिकडची वळचण खाली उतरवलेली. चक्रीवादळातला वारा आपल्याकडे घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ समुद्रातून वर अलिबागच्या रोखानं सरकत होतं, आमच्या नैर्ऋत्येला होतं तोवर वारा आमच्यावर पूर्वेकडून, आग्नेयेकडून येत होता, मग दक्षिणेकडून, आणि शेवटी समुद्राकडून. म्हणजे घराची जी बाजू कधी कोणी सावरली नव्हती तिच्यावर तो आधी आला. मागच्या पडवीचं दार आत ढकललं गेलं. दार गेलं आणि वारा आत भरला.

छप्पर वाऱ्याच्या माऱ्यानं दाबलं जातं असं मी समजत होते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा उचललं जातं. वारा आढ्यावरून उडी घेऊन पलीकडे उतरतो तेव्हा मागच्या पाखाडीवरचा दाब कमी होतो, आणि घरात शिरलेला वारा त्याच वेळी खालून रेटतो. वळचण, कोपरे आणि आढं ह्या तीन ठिकाणी ही ओढ सगळ्यात जोराची. आमच्याकडे झालं ते अगदी तसंच. पश्चिमेच्या पाखाडीच्या, म्हणजे वाऱ्याच्या पाठीकडच्या बाजूच्या, आढ्याखालच्या चार ओळी पत्त्यांसारख्या उठल्या. काकू सांगते की कौलं पडल्याचा आवाज आलाच नाही, वाऱ्याचा आवाज एवढा होता. नुसता उजेड वाढत गेला. मागच्या पडवीचं छप्पर सगळंच गेलं. ओटीवर फणसाची फांदी आली. शेजारच्या घरावर पत्रे होते, ते लोखंडी अँगलांसकट उठून आमच्या आगरात पोफळींना गुंडाळलेले सापडले. कौलांचं छप्पर फटींतून थोडा श्वास सोडतं, आत-बाहेरचा दाब थोडा तरी सारखा होतो, आणि उडालं तरी सुटं सुटं उडतं; खालचा सांगाडा बहुधा राहतो. पत्रा एकसंध असतो. नीट आवळलेला असेल तर तो कौलांपेक्षा चांगला टिकतो, आणि सुटला तर सगळं घेऊन जातो.

8 जूनला काकांचा आवाज ऐकला. 11 जूनला हवामान खात्यानं मान्सून महाराष्ट्रात आल्याचं जाहीर केलं, आणि नकाशावर त्याची सीमारेषा नेमकी हर्णैवरून गेलेली होती. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. वादळ ते पावसाळा ह्यांत आठ दिवस. तालुक्यात वीज नाही, रस्त्यांवर झाडं, ताडपत्री मिळेना, पत्रे मिळेनात, कौलांचं तर नाव नको. काकांनी मागच्या आवारात पडलेली कौलं वेचली. एकेक उचलून ठोकली. दोनशे साठ खणखणीत निघाली. ती माजघरावर आणि देवघरावर घातली, ओटीवर ताडपत्री बांधली, आणि मागच्या पडवीवर जे कोणी कामगार मिळाले त्यांच्याकडून, जे मिळाले ते पत्रे ठोकून घेतले. तो पावसाळा त्यांनी असा काढला. मी गणपतीला पोचले तेव्हा माजघरात पाच ठिकाणी भांडी ठेवलेली होती, आणि काकू रात्री उठून ती उपसायची वेळ झोपेतही चुकवत नव्हती.

त्याच गणपतीत घरात वाद झाला. मुंबईचा भाऊ म्हणाला, सगळं उतरवू, लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रे टाकू, एकदाच काय तो खर्च करू आणि मग बघायला नको. त्याचं चुकत नव्हतं. माकडं वाढलीत, ती आंब्यावरून थेट कौलांवर उड्या टाकतात आणि एका दुपारी दहा कौलं फोडतात. शाकारणी करणारे गडी राहिले नाहीत. त्यांची मुलं मुंबईला, आणि जी आहेत त्यांना कौलांवर पाय कुठे ठेवायचा हे कोणी शिकवलेलं नाही. सागाचा वासा घ्यायचा तर भाव ऐकून गप्प बसावं लागतं. कौलांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. गावातल्या दहा घरांपैकी सहांवर आज पत्रा आहे, आणि ज्यांनी स्लॅब घातले त्यांतल्याही बऱ्याच जणांनी गळायला लागल्यावर स्लॅबवर पत्र्याची शेड केली आहे. खाऱ्या हवेत स्लॅबमधल्या सळया गंजून फुगतात आणि सिमेंटचे पापुद्रे खाली टाकतात, हे आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांत दिसायला लागतं. कुणाला नावं ठेवावीत अशी ही गोष्ट नाही. पावसात घर कोरडं राहावं एवढीच प्रत्येकाची इच्छा.

काका शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "बघायला नको असं छप्पर मला दाखव, मी उद्या बांधतो."

ह्या वाक्याची खात्री आमच्या मागच्या पडवीनंच दिली. जून 2020 मध्ये घाईत घातलेले ते पत्रे दुसऱ्या पावसाळ्याच्या आधीच तांबूस दिसायला लागले. मी शिडी लावून नीट बघितलं. गंज पत्र्याच्या मधोमध नव्हता. तो कापलेल्या कडांना होता, स्क्रूंच्या डोक्यांभोवती होता, आणि वळचणीच्या खालच्या, पाऊस न लागणाऱ्या अंगाला सगळ्यात जास्त होता. ह्याचं मला फार आश्चर्य वाटलं, मग सुतारदादांनी समजावून सांगितलं. समुद्राचं मीठ हवेतून येऊन सगळीकडे बसतं. वरच्या बाजूचं पाऊस धुऊन नेतो. खालच्या बाजूला ते साचून राहतं, दमट हवेत ओलं होतं, आणि जस्ताचा थर खात बसतं. शिवाय पत्रे कापताना ग्राइंडर वापरला होता. त्याच्या ठिणग्या रंगात रुततात, तो जाळतात, आणि तिथे तिथे गंजाचे ठिपके उठतात. पत्रा कातरीनंच कापावा. भोकं पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढावा, नाहीतर रात्रीच्या दवात तोच आधी गंजतो आणि पत्र्याला डाग देतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा. आमचे खोलगटात मारलेले होते, जिथून पाणी वाहतं तिथेच. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हानं चार-पाच वर्षांत कडक होऊन चिरतो, मग तिथून ठिबक सुरू होते, आणि पत्र्याला खालून काठीनं ठोकून ती जागा वरच्या माणसाला सांगता येत नाही, कारण सगळा पत्रा एकच वाजतो.

म्हणजे पत्र्यालाही शाकारणी लागते. तिला नाव नाही, एवढंच. नाव नाही म्हणून ती कोणी करत नाही.

शेवटी आम्ही असं ठरवलं. ओटी, माजघर, देवघर कौलांचंच ठेवायचं, लाकूड जिथे गेलंय तिथे बदलायचं. मागची पडवी आणि गोठा, जिथे माकडांची ये-जा जास्त आणि उतार मुळातच कमी, तिथे पत्रा, पण नीट. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा एकत्र मुलामा असलेला रंगीत पत्रा, आणि वळचणीला आणि कडेला स्क्रू दुप्पट. भावानं खर्चातला मोठा वाटा उचलला. त्याला हवं होतं तसं झालं नाही, तरीही उचलला, आणि शाकारणीच्या दिवसांत तो आता रजा काढून येतो.

जानेवारी 2021 मध्ये काम सुरू झालं आणि मी तेव्हा पहिल्यांदा वर गेले. काकांच्या गुडघ्यांनी चढणं बंद केलं होतं, सुतारदादांना वर कोणीतरी घरचं हवं होतं. ते म्हणाले, "ताई, चपला काढा. कौलाच्या मधोमध पाय नाही टाकायचा. खाली, जिथे दोन कौलं एकमेकांवर येतात आणि त्याच्या खाली रीप असते, तिथे. टाच नाही, चवडा." मी पहिली दहा पावलं हातापायांवर गेले. मग उभी राहिले. आगराच्या वरून समुद्र दिसत होता. आयुष्यभर ज्या छपराकडे मी खालून बघितलं त्याच्या पाठीवर मी उभी होते, आणि खाली काकू वेळूची काठी घेऊन स्वयंपाकघरात होती, आणि ती ठोकत होती, आणि मी विचारत होते, "हे?" माझा आवाज मलाच ओळखता आला नाही.

कौलं उतरवल्यावर लाकूड दिसलं. सुतारदादा प्रत्येक वाशाला पटाशीच्या टोकानं टोचत गेले. स्वयंपाकघरावरचे वासे काळेभोर आणि दगडासारखे. पटाशी शिरेना. शंभर वर्षांच्या धुराचा थर त्यांच्यावर होता, आणि धूर बसलेल्या लाकडाला भुंगा सहसा लागत नाही. माजघरावरचे, तेवढेच जुने, बाहेरून तसेच दिसणारे, टोचल्यावर भुशासारखे. आमच्याकडे गॅस आला 1994 साली. चूल हळूहळू पाणी तापवण्यापुरती बाहेर परसात गेली. घरातला धूर गेला, काकूचा खोकला कमी झाला, आणि लाकडाचं राखण गेलं. आता चूल परत आत आणायची नाही, हे काकूसमोर मी आधी म्हटलं. म्हणून नव्या-जुन्या सगळ्या लाकडांना डिंबेल लावलं. काजूच्या टरफलांचं हे तेल, आमच्याकडे होड्यांना लावतात ते. काळं, चिकट, कातडीवर पडलं तर फोड उठतात. भिंतीत बसणारी वाशांची टोकं आम्ही त्यात रात्रभर उभी बुडवून ठेवली, कारण वासा कुजतो तो तिथून, जिथे जांभा पाणी पिऊन त्याला देतो. घरभर महिनाभर त्याचा उग्र वास होता. मला तो आवडायला लागला.

कौलं परत घालताना वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालच्या दोन आणि कडेच्या सगळ्या, तांब्याच्या तारेनं रिपांना बांधल्या. कौलाच्या पाठीला तार ओवायला जागा असते. ती आमच्या घरात आधी कोणी वापरलेली नव्हती. लोखंडी तार घेतली असती तर स्वस्त पडली असती आणि चार वर्षांत गळून गेली असती. मी स्वतः शंभरेक कौलं बांधली. तार ओढून पीळ देताना ती कचकन तुटते, त्याच्या एक वेढा आधी थांबायचं असतं. तो वेढा कुठला हे दोन दिवसांनी बोटांना कळायला लागलं.

काम संपायला मे उजाडला, पुन्हा संचारबंदी, गडी दोनच. गोठ्यावरच्या शेवटच्या दोन पत्र्यांचे स्क्रू बाकी होते आणि 16 मेच्या रात्री तौक्ते वादळ आलं. ते आमच्या किनाऱ्याला न लागता समुद्रातून वर गेलं, तरी आमच्याकडे रात्रभर आणि दुसऱ्या सकाळी वारा होता. मी त्या वेळी घरी होते. काका ओटीवरच्या बाकावर बसून राहिले, झोपले नाहीत. प्रत्येक आवाज ते ओळखून सांगत होते. "माडाची झावळ." "कोना नाही, फांदी." "हां, हा पत्रा." गोठ्यावरचा तो एक अर्धवट आवळलेला पत्रा पहाटेपर्यंत फडफडत होता, आणि मी उजाडायची वाट बघत होते. उजाडल्यावर बघितलं तर तो एका टोकाला दुमडला होता. बांधलेल्या ओळींतलं एकही कौल हललं नव्हतं. काकांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि चहा मागितला.

आमच्या वाडीत तेरा घरं आहेत. चार बंद. त्यांतलं एक माझ्या आत्याचं, नात्यानं आमचंच. त्याचं काय होत गेलं ते मी दरवर्षी बघत आले आहे. पहिल्या वर्षी एक कौल सरकलं. कोणी नव्हतं, दिसलं नाही. त्या फटीतून आलेल्या पाण्यानं एक रीप कुजली. रीप खचली तसं वरच्या सहा कौलांना आधार राहिला नाही. मग वाशाचं टोक. वासा बसला आणि भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरायला लागलं, आतला मातीचा लगदा पाझरून आला. सातव्या पावसाळ्यात पूर्वेची भिंत आत पडली. माजघरात आता उंबराचं रोप आहे. ज्या दिवशी ते पहिलं कौल सरकलं त्या दिवशी ते परत जागेवर आणायला कोणाला दोन मिनिटं लागली असती. मला ते घर बघवत नाही, आणि दर वेळी मी तिथे जाऊन उभी राहते.

ह्या वर्षी शाकारणी तीन दिवसांत झाली. वर मी आणि भावाचा मुलगा, तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याचा पाय माझ्यापेक्षा हलका पडतो. स्वयंपाकघरात आता भावाची मुलगी काठी धरते. पुढच्या वर्षी मी वर येणार, असं तिनं आधीच सांगून ठेवलंय, आणि मी हो म्हटलं आहे. काका अंगणात खुर्चीवर बसून, आम्ही खाली दिलेलं एकेक कौल तळहातावर घेऊन ठोकत होते. ऐकू कमी येतं आता, म्हणून ते कौल कानाशी धरतात. बद्द निघालेल्यांचा ढीग डावीकडे. पडवीवरच्या पत्र्याचे अकरा स्क्रू बदलले, वायसर चिरलेले होते. गोड्या पाण्यानं पत्र्याची खालची बाजू धुऊन काढली.

संध्याकाळी मी खडू घेऊन कोठीत गेले. काका मागून आले. 2020 च्या ओळीत फक्त साल आहे, पुढे काही नाही.

"सदतीस," ते म्हणाले.

मी लिहिलं.

"स्क्रू पण लिही. अकरा."

त्या दारावर स्क्रूंचा रकाना नव्हता. मी कौलांच्या शेजारी एक उभी रेघ मारली आणि तिच्यापुढे अकरा लिहिलं.